बाटलीवर चाळीस, नळीवर शंभर

आत्या, फ्रिजच्या दारातला तुमचा डबा अजून तिथंच आहे. बिस्किटांचा, चौकोनी, झाकणावरचं चित्र पार घासून गेलेला. काल तुमचं तेरावं झालं. मांडव सुटला, मोठी भांडी परत गेली, तुमची लुगडी तुमच्या लेकीनं, सुमनताईंनी, बायकांना वाटून टाकली. डब्याला मात्र कुणी हात लावला नाही. तुमच्या संतोषनं दोनदा फ्रिज उघडला, पाण्याची बाटली घेतली आणि डब्याकडं न बघता दार लावून टाकलं.

आज सकाळी मीच तो उघडला. आत इन्शुलिनची अर्धी बाटली, लाल टोपीच्या चार सुया, एका कडेला ते पेन. आणि तळाशी माझ्या टिकल्यांचं पाकीट. मरून रंगाच्या, मधल्या आकाराच्या. अर्धं रिकामं.

त्या टिकल्यांवरून मी तुम्हाला किती बोलले होते! "आत्या, माझ्या टिकल्या कोण नेतं हो? पाकीट आणलं की आठ दिवसांत संपतं." तुम्ही तांदूळ पाखडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "उंदीर न्हेत असतील." मामा गेल्यापासून तुमच्या कपाळाला टिकली नव्हती, तेव्हा तुमच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. मी शेजारच्या पोरींवर घेतला. एकीला तर तोंडावर विचारलं. तुम्ही हे सगळं ऐकत होतात.

सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आपल्याकडची रीत. माझ्या आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, आत्या म्हण, जपून बोल आणि उलटून बोलू नको. पहिलं तेवढं मी पाळलं. माझ्या माहेरी आणि सासरीही पदवी घेतलेली मी पहिली. कोळवणहून एसटीनं जाऊन-येऊन रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली, पहिल्या वर्गात केली, आणि पिरंगुटच्या कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये लागले. हे मी बोलणीच्या बैठकीत स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मुलीनं गप्प बसायचं असतं तिथं. तुम्ही तेव्हा हसला नाहीत. पण लग्न झाल्यावर माझं नाव काही तुमच्या तोंडात बसलं नाही. "अगं बीएस्सी, चूल बघ." "बीएस्सी, म्हशीला पेंड घातली का?" लोकांना तो टोमणा वाटायचा. मलाही वाटायचा.

तुम्हाला सुई घ्यायला डॉक्टरांनी शिकवलं ते माझ्या लग्नाच्या आधीच. बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच घोळायची, रबर पुसायचं, सुई टोचायची, सोळा रेषांपर्यंत औषध ओढायचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं त्या बारीक रेषा पाठ केल्या होत्या. मग दारात जायचं, सुई उजेडात धरायची, नखानं टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा आणि बाहेर घालवायचा. तो बुडबुडा जाईपर्यंत कुणी तुमच्याशी बोलायचं नाही. संतोष म्हणायचा, "आई, देवाला पण येवढा येळ देत न्हाईस."

"देव चुकला तर माफ करतोय," तुम्ही म्हणायच्यात. "ही न्हाई करत."

मग तुमच्या डोळ्यांवर परिणाम झाला. रेषा दिसेनात. पौडच्या डॉक्टरांनी पेनाचं नाव काढलं आणि मी ते उचलूनच धरलं. पेनात औषधाची नळी आधीच भरलेली, मागची चकती फिरवली की एकेक युनिटला टक्‌ असा आवाज. नुसत्या आवाजावर विसंबू नका, खिडकीतला आकडाही बघा, असं कागदावर होतं. तो आकडा मी निघताना बघायचा आणि टक्‌टक्‌ तुम्ही मोजायची, असं आपण ठरवलं. जेवणाच्या ताटावर बसून मी तुम्हाला फरक समजावत होते. सुईत एक-दोन मापं चुकू शकतात, पेनात नाही. सुईला बाटली वेगळी सांभाळावी लागते, पेन खिशात बसतं. टोचतंही कमी.

तुम्ही पेन हातात घेऊन उलटंसुलटं केलंत. "जल्मात कुनी हातात पेन दिलं न्हाई," म्हणालात, "आन आता दिलंय त्ये पोटात खुपसायला."

हसून हसून माझ्या घशात घास अडकला. तुम्ही पाठीत धपाटा घातलात. आपण दोघी मिळून इतक्या मोकळ्या हसलो असं फार वेळा झालं नाही, म्हणून लिहून ठेवते.

पेन घेतलंत, पण मान्य केलं नाहीत. तुमचा एक मुद्दा मला कधीच खोडता आला नाही. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट दोन-दोन दिवस जाते. मी पेनाच्या राखीव नळ्या फ्रिजमध्ये ठेवून निर्धास्त कामाला जायची. तुम्ही त्या काढून, पिशवीत गुंडाळून, छोट्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायच्यात, आधी बाटली ठेवायच्यात तशाच. संध्याकाळी मी आले की फ्रिजमध्ये कोमट अंधार, आणि तुमचा डबा गार. "तुझा फ्रीज तारंव चालतोय, माझा माठ वाऱ्याव," म्हणायच्यात. मी म्हणायची, "बरं बाई, जिंकलात." आवाजात हरल्याचा राग असायचा.

आणि कोळवणची ती मुलगी? माझ्या माहेराशेजारच्या फार्महाऊसवर पुण्याचे लोक सुट्टीला येतात, त्यांना आपला इंद्रायणी तांदूळ द्यायला तुम्ही माझ्यासोबत जीपमधून आला होतात. त्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या कमरेला डबी होती, डबीतून पोटापर्यंत बारीक नळी. पंप. दिवसभर थेंबाथेंबानं इन्शुलिन सोडणारा. मी पोर्चमध्ये तांदळाचं बोलत होते आणि तुम्ही तिच्याशेजारी पायरीवर बसून चौकशी लावली होती. अंघोळीला काढतीस का? कुशीवर झोपलीस तर? खेळताना निघाली तर? तीही मन लावून सांगत होती. मग तुम्ही तिला स्वतःचं पोट दाखवलंत, कुठं कुठं टोचून गाठी आल्या ते. तिनं बोट लावून बघितलं. तिची आई जरा अवघडली, पण तुम्हा दोघींना कसली लाज नव्हती.

परतीच्या जीपमध्ये मी म्हणाले, "बघा, कसं आपोआप आहे."

"आपोआप कसलं?" तुम्ही म्हणालात. "जेवताना किती खाल्लं त्ये तिलाच सांगाया लागतंय डबीला. पोरगी लई शानी. पर तिला साखर घडीभर इसरता येत न्हाई. मी सुई घेतली की सांजच्यापतूर मोकळी."

घर येईपर्यंत आपण भांडत होतो, की विसरायला मिळणं चांगलं की नाही. जीपवाला मध्येच म्हणाला, "काकू, एकदाचं ठरवा, मी पन घेतो मग." ते भांडण अर्धंच राहिलं.

आता पुढचं. हे आजवर मी संतोषलासुद्धा सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षीची भातकाढणी. मी पहिल्या पाळीला होते, सकाळी लॅबमध्ये नमुने लावत होते आणि तुमचा फोन आला. पेनाच्या सुया संपल्या होत्या. आणायच्या माझ्या लक्षात राहिल्या नव्हत्या. तुम्ही विचारलंत, "माझी जुनी सुई हाय, लाल टोपीची. पेन उघडून नळीतलं औषध तिनं वढून घेऊ का? शेजारचं पोरगं रेघा बघंल." तुम्ही पुन्हा विचारलंत, "चालतंय न्हवं? तू बीएस्सी हायेस म्हनून इचारती."

मी घाईत म्हणाले, "घ्या हो आत्या. औषध तेच आहे. सोळा म्हणजे सोळा."

दोन मिनिटांचा फोन.

सोळा म्हणजे सोळा नसतं. बाटलीतलं औषध पातळ, एका मिलीत चाळीस युनिट. पेनाच्या नळीतलं घट्ट, एका मिलीत शंभर. लाल टोपीच्या सुईवरच्या रेषा बाटलीसाठी आखलेल्या. त्या सुईनं नळीतलं औषध सोळा रेषांपर्यंत ओढलं की पोटात सोळा नाही, चाळीस युनिट जातात. अडीचपट. बाटलीवर छापलेलं असतं, नळीवर छापलेलं असतं. आणि मी आठ तास पगार घेऊन करते काय, तर लेबलं वाचते, द्रावणं किती तीव्र आहेत ते तपासते.

तुम्ही सुई घेऊन, भाकरी खाऊन खळ्यावर गेलात. कोंडाबाईनं, खालच्या आळीच्या तुमच्या मैत्रिणीनं, तुम्हाला पेंढ्यांना टेकून बसलेलं पाहिलं. घामानं चिंब, नजर भलतीकडं, तोंडानं काहीतरी बडबड. तिलाही साखर, तेव्हा ती गोळ्यांवर होती. तिनं ओळखलं आणि गुळाचं पाणी घोट घोट पाजलं, म्हणून तुम्ही पौडच्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचलात.

मी कंपनीतून थेट तिथं आले. सलाइन चालू होतं. संतोष, सुमनताई, कोंडाबाई, भावकीतले चौघे-पाचजण खाटेभोवती. तुम्ही नुकत्याच शुद्धीवर. डॉक्टर चिडलेले. "पेनातलं औषध ह्या सुईनं घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

तुमची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मग तुम्ही छताकडं बघितलंत.

"कुनी न्हाई. माझ्याच मनानं घेतलं. अडानी मानूस."

सुमनताई कडाडल्या. "घरात एवढी शिकलेली सून असून आईवर ही वेळ? विचारायचं तरी तिला!"

"ती कामाव हुती," तुम्ही म्हणालात. "तिला कशापायी इचारू?"

माझ्या हातात मोबाईल होता. त्यात तो दोन मिनिटांचा फोन होता. मी तो पर्समध्ये टाकला. आत्या, मी तोंड उघडलं नाही. त्या खोलीत मी एकटीच पदवीधर होते आणि मला तसंच राहायचं होतं. यापेक्षा बरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

घरी आल्यावर तुम्ही पेन डब्यात टाकलंत आणि बाटलीवर परत आलात. डोळ्यांना दिसत नव्हतंच. तुम्ही फर्मान काढलंत, "बीएस्सी, तू भरायची." रोज सकाळी पाळीला निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. मी सोळा भरायची आणि तुमच्या हातात द्यायची. तुम्ही दारात जायच्यात, सुई उजेडात धरायच्यात. तुम्हाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तरी टिचकी मारायच्यात, वाट बघायच्यात आणि म्हणायच्यात, "व्हय. सोळा."

तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला रोज दोनदा शिक्षा देताय. हिनं चूक केली, आता हिनंच भरावं. बाहेर मी सांगत सुटले होते, सासू हट्टी आहे, चांगलं पेन सोडून सुईवर गेली. तुम्ही तेही ऐकून घेतलंत. आज डबा मांडीवर घेऊन बसले आणि वाटलं, ती शिक्षा नसेलही. जिच्या शब्दानं एकदा जीव जाता जाता राहिला तिच्याच हातून तुम्ही रोज दोनदा सुई मागत होतात. तो भरवसा होता का? विचारायचं राहून गेलं.

मी बोलायला गेले नाही असं नाही. तीनदा तरी गेले. "आत्या, त्या दिवशीचा फोन..." इतकं म्हणायची खोटी, तुम्ही म्हणायच्यात, "भात उतू चाललाय बघ." एकदा तर चुलीवर भात नव्हताच. चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

उन्हाळ्यात तुमचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी डोस सोळाचा बारा केला, मग आठ. तुम्ही खुशीत आलात. कोंडाबाईला ओट्यावरून ओरडून सांगितलंत, "सोळाची आटाव आली! हटली माझी साखर!" मला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं. मूत्रपिंडं दमली की इन्शुलिन अंगात रेंगाळतं, थोडंच पुरतं. ते बरं होणं नव्हतं. डोस जितका उतरत होता तितक्या तुम्ही संपत होतात, आणि भरणारी मी होते. आठ भरले. मग सहा. तुम्ही दर वेळी विचारायच्यात, "आज किती?" आणि आकडा ऐकून हसायच्यात.

मी सांगितलं नाही. डायलिसिसच्या खाटेवर नेलं त्या दिवशी तुम्हाला आपोआप कळलं असेल. तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "तू बी लपवाया शिकलीस व्हय?" त्या "बी"वर मी त्या दिवशी अडकले आणि अजून तिथंच आहे.

तुम्ही त्या चुकीनं गेला नाहीत. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, कितीतरी वर्षांच्या साखरेनं मूत्रपिंडं गेली, खळ्यावरच्या त्या एका दिवसानं नव्हे. मला ते समजतं. मी बी.एस्सी. आहे. पण समजलं तरी छातीवरचं उतरत नाही.

आज दुपारी कोंडाबाई आली. सुमनताई निघायच्या तयारीत होत्या, पिशवी भरत होत्या. मी चहा टाकला होता. कोंडाबाईनं पदराची गाठ सोडून एक बाटली आणि एक सुई काढली, आणि दुसऱ्या हातात कोरं करकरीत पेन, खोक्यासकट. गोळ्या पुरेनाशा झाल्यानं महिन्यापूर्वी तिला बाटली चालू झाली होती, आता डॉक्टरांनी पेन दिलं होतं.

बाटलीवर माझी मरून टिकली चिकटवलेली होती. सुईच्या पिशवीवरही एक.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"तुज्या सासूनं लावली," कोंडाबाई म्हणाली. "झोपून हुती तरी मला बोलावून लावली. टिकलीची सुई टिकलीच्या बाटलीला, म्हनली. बिनटिकलीच्या नळीत घालायची न्हाई. वाडीत ज्याला ज्याला सुई चालू हाय त्या समद्यांच्या घरी लावून आलीया ती, चालती हुती तवर. म्हनायची, माझ्या हातनं चुकलं, तुमच्या हातनं चुकाया नगं."

तर ते उंदीर. काठी टेकत, सुजल्या पायांनी, दिसत नसताना, तुम्ही घरोघरी जाऊन स्वतःची नसलेली चूक सांगत फिरत होतात. आणि मी शेजारच्या पोरीला चोर ठरवत होते.

मी गॅस बंद केला.

"त्यांच्या हातून नव्हतं चुकलं," मी म्हणाले. "त्यांनी मला फोन केला होता. घ्या म्हणून मीच सांगितलं."

सुमनताईंच्या पिशवीची चेन मध्येच थांबली. कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग बाटलीकडं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "खळ्याव बरळत हुती ती. 'बीएस्सी म्हनली घ्या, बीएस्सी म्हनली घ्या.' दवाखान्यात जरा आवाज फुटल्याव, तू यायच्या आदी, माझा हात धरून शपथ घातली तिनं. म्हनली, कोंडे, माझ्या घरात एकच शिकलेली हाय. तिला अडानी करू नगंस."

सुमनताईंनी चेन ओढली. चहा घेतला नाही. दारात चप्पल घालताना माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "आईनं झाकलं म्हणून तू पण वर्षभर झाकलंस," आणि एसटी गाठायला निघून गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता दिवाळीला येतील की नाही, माहीत नाही. संध्याकाळी संतोष येईल, त्याला मी सांगणार आहे. तुम्हाला हे आवडलं नसतं, आत्या. तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, भात उतू चाललाय. पण तुमच्या नावावर ती चूक ठेवून मला तुमच्या फोटोला हार घालता येणार नाही.

कोंडाबाई तिथंच बसून होती. तिला माझ्या रडण्याशी काम नव्हतं. तिला संध्याकाळी सुई घ्यायची होती. तिनं बाटली आणि पेन दोन्ही माझ्यापुढं सारलं.

"मग आता कशातनं घिऊ? आन किती?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मला येत होतं, खात्रीनं येत होतं. तरी मी दिलं नाही. चष्मा आणला. डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली. मग बाटली आणि नळी घेऊन तुमच्या जागी, दारात जाऊन उभी राहिले आणि आधी एक, मग दुसरी उजेडात धरली.

"थांब कोंडाबाई," म्हणाले. "आधी वाचते."